उपवास आज की उद्या?

शाळेच्या शिक्षकखोलीत वर्षातून एक-दोनदा हमखास दिसणारे हे दृश्य आहे. मधल्या सुट्टीत डबे उघडतात. एका बाईंच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी असते, शेजारच्या सरांच्या डब्यात नेहमीची पोळीभाजी. "अहो सर, आज एकादशी ना?" "आमची उद्या, बाई." दोघेही कॅलेंडर पाहूनच घरून निघालेले असतात. कॅलेंडरात आजच्या चौकोनात 'स्मार्त एकादशी' आणि उद्याच्या चौकोनात 'भागवत एकादशी' असे स्पष्ट छापलेले असते. अशा वेळी एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "एकादशी म्हणजे अकरावी तिथी. मग ती दोन दिवस कशी?"

"पंथ वेगळे, म्हणून दिवस वेगळे" असे सांगून आपण बहुधा वेळ मारून नेतो. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. या प्रश्नामागे चंद्राच्या गतीचे गणित आहे, सहाशे-सातशे वर्षांची ग्रंथपरंपरा आहे आणि एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात गाजलेला एक वादही आहे. तो सारा इतिहास या लेखात थोडक्यात पाहू.

तिथी म्हणजे दिवस नव्हे

आपण 'आज कोणती तिथी?' असे विचारतो तेव्हा तिथी म्हणजे दिवसच, असे मनात गृहीत धरलेले असते. तसे नाही. दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजतात. तिथीचा पृथ्वीच्या फिरण्याशी संबंध नाही. अमावास्येला चंद्र आणि सूर्य आकाशात एकाच दिशेला असतात. तिथून चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश गेला की एक तिथी पुरी होते, २४ अंश गेला की दुसरी. असे ३६० अंश पुरे होईपर्यंत ३० तिथ्या होतात आणि पुन्हा अमावास्या संपते. शुद्ध एकादशी म्हणजे हे अंतर १२० अंशांपासून १३२ अंशांपर्यंत वाढण्यास लागणारा काळ.

एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. त्यांत ३० तिथ्या बसवायच्या, म्हणजे सरासरी तिथी सुमारे २३ तास ३७ मिनिटांची, दिवसापेक्षा किंचित लहान. पण चंद्र एका गतीने चालत नाही. पृथ्वीच्या जवळ असताना तो भराभर सरकतो, दूर असताना रेंगाळतो. त्यामुळे एखादी तिथी जेमतेम २० तासांत आटोपते, तर एखादी जवळजवळ २७ तास चालते.

आता अडचण लक्षात येईल. तिथी दुपारी बदलेल, मध्यरात्री बदलेल, पहाटेही बदलेल. पण उपवास करणाऱ्या माणसाला एक अख्खा दिवस ठरवून हवा असतो. म्हणून नियम केला की सूर्योदयाला जी तिथी असेल तिचे नाव त्या दिवसाला द्यायचे. एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधीच संपली तर तिला दिवसच मिळत नाही. तो क्षय. एखादी तिथी दोन सूर्योदयांना पुरली तर तिला दोन दिवस मिळतात. ती वृद्धी.

मात्र सगळ्याच व्रतांना सूर्योदयाचा नियम लावत नाहीत. ज्या वेळी व्रताचे मुख्य कर्म, त्या वेळी ती तिथी असावी, असा विचार त्यामागे आहे. संकष्टीचा उपवास चंद्रोदयानंतर सुटतो, म्हणून तिथे चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी हवी. प्रदोषाला सूर्यास्तानंतर त्रयोदशी हवी, रामनवमीला मध्यान्ही नवमी, महाशिवरात्रीला मध्यरात्री चतुर्दशी. कॅलेंडरात संकष्टीला गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा का छापतात, हे यावरून विद्यार्थ्यांना सांगता येईल.

छप्पन्न घटींची रेघ

एकादशीचा नियम सर्वांत काटेकोर. जुन्या काळी दिवसाचे ६० भाग करीत. त्या भागाला घटी म्हणत. एक घटी म्हणजे २४ मिनिटे. बुडाला बारीक भोक असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर सोडत. ते भरून बुडाले की एक घटी झाली. सूर्योदयापूर्वीच्या चार घटी, म्हणजे ९६ मिनिटे, हा अरुणोदय.

एकादशीच्या व्रताला दशमीचा स्पर्श नको, हे तत्त्व सर्वांना मान्य. या स्पर्शाला 'वेध' म्हणतात. वेध कोठून मोजायचा, एवढाच मतभेद. ढोबळमानाने सांगायचे तर स्मार्त लोक सूर्योदयाला दशमी नाही ना, एवढे पाहतात. वैष्णव, म्हणजेच भागवत, अरुणोदयापासूनच दशमी नसावी असे मानतात. पोटनियम पुष्कळ आहेत, पण मुख्य फरक हाच.

एक उदाहरण घेऊ. सूर्योदय सकाळी ६ वाजता आहे. म्हणजे अरुणोदय पहाटे ४ वाजून २४ मिनिटांनी सुरू होतो. दशमी जर पहाटे ४ वाजता संपली, तर दोघांचीही एकादशी त्याच दिवशी. दशमी ५ वाजून १० मिनिटांनी संपली, तर सूर्योदयाला एकादशी आहे म्हणून स्मार्तांचा उपवास आज. पण अरुणोदयाला दशमी होती, म्हणून भागवतांचा उपवास उद्या. आपल्या शिक्षकखोलीतल्या दोन डब्यांचे रहस्य या ९६ मिनिटांत आहे. दशमी दिवसाच्या कोणत्याही वेळी संपू शकते असे धरले, तर ती या ९६ मिनिटांत संपण्याची शक्यता पंधरात एक. वर्षात २४ एकादशा. म्हणजे केवळ या कारणाने वर्षातून एक-दोनदा एकादशी दोन दिवस येणार.

हे नियम एका रात्रीत झालेले नाहीत. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने तेराव्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणी' या प्रचंड ग्रंथात व्रते आणि त्यांचे काळ यांची चर्चा केली. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी 'कालनिर्णय' नावाचा ग्रंथच लिहिला. मूळ पैठणच्या पण काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ साली 'निर्णयसिंधु' पुरा केला. १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 'धर्मसिंधु' रचला. एकादशीला लाखो वारकरी ज्या गावी जमतात, त्याच गावी एकादशीच्या निर्णयाचा हा ग्रंथ तयार झाला. आजही पंचांगकर्ते दिवस ठरवताना हे शेवटचे दोन ग्रंथ समोर ठेवतात.

हे ग्रंथकार दशमी ५६ घटींच्या आत संपली की नंतर, याचा कीस काढतात. पण दशमी खरोखर केव्हा संपते, हे ते सांगत नाहीत. ते काम ज्योतिष्याचे. ज्योतिष्याचा आकडाच चुकला असेल तर?

ग्रहण बरोबर, एकादशी चूक

महाराष्ट्रात कित्येक पिढ्या पंचांगे होत ती गणेश दैवज्ञांच्या ग्रंथांवरून. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावचे हे गणिती. त्यांचा 'ग्रहलाघव' हा ग्रंथ शके १४४२ चा, म्हणजे इ. स. १५२० चा. ज्या-चापांची किचकट आकडेमोड टाळून ग्रहांची स्थाने काढण्याची सोपी रीत त्यांनी दिली. पुढे 'तिथिचिंतामणी'त तिथ्यांची तयार कोष्टकेच दिली. साहजिकच हे ग्रंथ घरोघरच्या जोश्यांपर्यंत पोचले.

या गणितात चंद्राच्या अनियमित गतीसाठी एकच दुरुस्ती होती. तिचे कमाल मान सुमारे ५ अंश. सूर्यसिद्धांतातही ते जवळजवळ तेवढेच आहे. आजच्या ज्ञानाप्रमाणे चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे पडणारा फरक ६.२९ अंशांपर्यंत जातो. मग जुन्या लोकांनी ५ का धरले? त्यांचे निरीक्षण कच्चे होते काय?

नाही. उत्तर फार मजेशीर आहे. सूर्यही चंद्राला ओढतो, आणि त्यामुळे आणखी १.२७ अंशांपर्यंत फरक पडतो. अमावास्या आणि पौर्णिमा या दिवशी हे दोन फरक एकमेकांविरुद्ध जातात: ६.२९ वजा १.२७, म्हणजे जवळजवळ बरोबर ५. अष्टमीच्या सुमारास ते एकत्र होतात: ६.२९ अधिक १.२७, म्हणजे साडेसातांहून जास्त. जुन्या ज्योतिष्यांनी आपले गणित तपासले ते ग्रहणांवर. ग्रहणे होतात अमावास्येला आणि पौर्णिमेलाच. तिथे ५ हाच आकडा योग्य होता. ग्रहण ठरल्या वेळी लागे आणि गणित खरे ठरे. पक्षाच्या मधल्या तिथ्या मात्र कोणी तपासतच नव्हते, कारण दशमी संपून एकादशी लागली हे दाखवणारी कोणतीही खूण आकाशात नसते. तिथे काही वेळा चार-पाच तासांची चूक राहून गेली.

म्हणजे स्थिती अशी, की नियम ९६ मिनिटांच्या काटेकोरपणाचा आणि त्याला दिलेला आकडा चार-पाच तासांनी चुकू शकणारा! दशमी खरोखर मध्यरात्रीनंतर दोनला संपत असेल आणि पंचांगात ती सकाळी साडेसहापर्यंत असेल, तर उपवासाचा दिवसच बदलणार.

ही दुसरी दुरुस्ती भारतात कोणालाच माहीत नव्हती असेही नाही. इ. स. ९३२ च्या सुमारास मुंजालांनी 'लघुमानसा'त अशी एक दुरुस्ती दिली होती. ओरिसातील सामंत चंद्रशेखर (१८३५–१९०४) यांनी तर दुर्बिणीशिवाय, बांबूची आणि लाकडाची साधने घरी बनवून, अशा तीन दुरुस्त्या स्वतः शोधून काढल्या. त्यांचा 'सिद्धांतदर्पण' १८९९ साली छापला गेला. पण महाराष्ट्रातल्या पंचांगांत यांतले काही उतरले नव्हते.

केरूनानांचे पंचांग

महाराष्ट्रात हा प्रश्न धसास लावला तो केरो लक्ष्मण छत्रे यांनी. केरूनाना (१८२४–१८८४) हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणारे नामांकित गणिती. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी. १८६० साली त्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध झाली. पुढे आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून, त्यांचे नवे पंचांग निघू लागले. इंग्लंडात दर्यावर्दी लोकांसाठी छापल्या जाणाऱ्या नाविक पंचांगातल्या अचूक स्थितींवर ते आधारलेले होते. लोक त्याला 'पटवर्धनी' किंवा 'केरोपंती' पंचांग म्हणत.

ग्रहणे आणि ग्रहांच्या युती या पंचांगाबरहुकूम दिसत. पण व्रतांसाठी ते घ्यायला पुष्कळ लोक तयार नव्हते. त्यांचे म्हणणे आपण नीट समजून घेतले पाहिजे. जुन्या गणिताने तिथी जास्तीत जास्त ६५ घटी आणि कमीत कमी ५४ घटी येते. याला 'बाणवृद्धी रसक्षय' म्हणत. मदनाचे बाण पाच, रस सहा. म्हणून ६० वर पाच आणि ६० ला सहा कमी. नव्या गणिताने तिथी ६७ घटींपर्यंत वाढू लागली आणि ५० घटींपर्यंत घटू लागली: 'सप्तवृद्धी दशक्षय'. विरोधकांचा मुद्दा असा, की निर्णयग्रंथांतले नियम बाणवृद्धी रसक्षय गृहीत धरून बांधले आहेत. तिथीचे माप बदलले तर ते नियम कोसळतील. काहींनी मध्यम मार्ग सुचवला. ग्रहण डोळ्यांना दिसते, तिथे नवे गणित घ्या. व्रताचे फळ अदृष्ट आहे, तिथे जुनेच चालू द्या.

सुधारकांचे उत्तर परंपरेतूनच आले, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. गणेश दैवज्ञांचे वडील केशव यांनी स्वतः ग्रहांचे वेध घेतले होते. गणित आकाशाशी जुळत नसेल तर पुढच्या गणितींनी ते वेध घेऊन सुधारावे, अशी त्यांची भूमिका होती. गणेश दैवज्ञांनीही निरनिराळ्या जुन्या ग्रंथांतले जे मान आकाशाशी जुळले तेच घेतले. म्हणजे ग्रहलाघव हीच त्या काळची सुधारणा होती. साडेतीनशे वर्षांनी पुन्हा सुधारणा केली, तर परंपरा मोडली असे कसे म्हणायचे? शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात हा सारा इतिहास मांडला. दीक्षित पेशाने शिक्षक होते, हे आपल्या वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावे. व्यंकटेश बापूजी केतकरांनी नव्या गणितावर ग्रंथ लिहून पंचांगकर्त्यांच्या हाती सोय दिली. १९०४ साली मुंबईत, आणि पुढे पुणे व सांगली येथे, ज्योतिष परिषदा भरल्या. हळूहळू तिथीचा वाद निवळला. आज महाराष्ट्रात नेहमीच्या वापरात असलेली बहुतेक पंचांगे प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या, म्हणजे 'दृक्' गणिताचीच आहेत. निर्णयाचे जुने नियमही कोसळले नाहीत.

अधिक महिना कोणता?

दुसरा एक वाद मात्र शिल्लक राहिला. बारा चांद्र महिन्यांचे वर्ष ३५४ दिवसांचे. २०२४ ची आषाढी एकादशी १७ जुलैला होती, २०२५ ची ६ जुलैला. मधले दिवस मोजले तर बरोबर ३५४ भरतात. असेच चालले तर आषाढी मागे सरकत सरकत हिवाळ्यात जाईल. म्हणून सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना धरतात. २९ जून २०२३ च्या आषाढीपासून १७ जुलै २०२४ च्या आषाढीपर्यंत ३८४ दिवस झाले, ते त्यामुळेच.

ज्या चांद्र महिन्यात सूर्य एका राशीतून दुसरीत जात नाही, तो अधिक. पण राशीचक्राचा आरंभ कोठे मानायचा? केरूनानांनी आणि नंतर टिळकांनी रेवतीतला एक तारा धरला. केतकरांनी पुढे चित्रा ताऱ्याचा आधार घेतला. दोहोंत सुमारे ४ अंशांचा, म्हणजे सूर्याच्या चालीने चार दिवसांचा, फरक पडतो. तिथी हे चंद्रसूर्यांतले अंतर असल्यामुळे आरंभबिंदू कोठेही घेतला तरी ती बदलत नाही. अधिक महिना मात्र बदलू शकतो. २०२३ साली तसेच झाले. प्रचलित पंचांगांत श्रावण अधिक होता आणि गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. टिळक पंचांगाप्रमाणे तो महिना अधिक नव्हता. ते पाळणाऱ्यांकडे गणपती २० ऑगस्टलाच बसले.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिचा अहवाल १९५५ साली आला. तिने चित्रेचा आधार मान्य केला. २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली आणि सरकारतर्फे राष्ट्रीय पंचांग निघू लागले.

वर्गात काय सांगावे?

आता त्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. उपवासाचे दिवस वेगळे येण्याची तीन वेगवेगळी कारणे आपण पाहिली. जुन्या आणि नव्या पंचांगांतला तिथीचा फरक हा मोजमापाचा. तिथे एक उत्तर बरोबर असते आणि दुसरे चूक, आणि ते आकाशाकडे पाहून ठरते. रेवती की चित्रा, हा संकेताचा. रेघ कोठून मारायची हे माणसांनी एकमताने ठरवायचे. ते आकाश सांगत नाही. स्मार्त की भागवत, हा आचाराचा. तिथे दोघेही आपापल्या जागी बरोबर. भांडण सुरू होते ते बहुधा या तिघांची गल्लत झाल्यावर.

यात स्थळाचाही भाग आहे. तिथी साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी संपते, पण सूर्योदय ठिकठिकाणी वेगळा. जुलैत आपल्याकडे सकाळी साडेसहाला दशमी संपली, तर न्यू जर्सीत तेव्हा आदल्या दिवसाचे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. तिथल्या पुढच्या सूर्योदयाला एकादशी असेल आणि तारीख मात्र आपल्याकडे दशमीची. तिकडच्या मराठी घरांत इथले कॅलेंडर तसेच्या तसे वापरता येत नाही, ते यामुळे.

वर्गात एक छोटा उपक्रम करून पाहावा. वर्षाच्या कॅलेंडरातून चोवीस एकादशा मुलांना शोधायला सांगा. जिथे 'स्मार्त' आणि 'भागवत' वेगळ्या असतील तिथे आदल्या दशमीची समाप्तीची वेळ पंचांगातून काढा, आणि ती आपल्या ९६ मिनिटांत पडते का पाहा. जिथे पडणार नाही तिथे पोटनियम शोधण्याची संधी आहे. शुद्ध अष्टमीच्या संध्याकाळी चंद्र बरोबर अर्धा आहे का, हेही पाहायला न्या. अष्टमीच्या मध्याला सूर्य आणि चंद्र यांत ९० अंशांचे अंतर असते.

जाता जाता एका शब्दाकडे लक्ष वेधतो. धर्मशास्त्रात वेध म्हणजे दशमीचा स्पर्श, आणि ज्योतिषात वेध म्हणजे आकाशाचे निरीक्षण. पहिला वेध नीट पाळायचा तर दुसरा वेध घ्यावाच लागतो, हे केशव आणि गणेश दैवज्ञांना ठाऊक होते. मधल्या काळात आपण ते विसरलो होतो. उपवास करणे न करणे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण दिवस का बदलतो, हे शिक्षकखोलीतल्या दोन्ही डबेवाल्यांना सांगता आले पाहिजे.